पुन्हा लावलेला तरवा

तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती अजानमुळे की कोंबड्यांमुळे ते सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच सुरू होतं आणि वर कौलांवरून पागोळ्या टपकत होत्या. आमच्या घरात उतरलेल्या चार पोरी गाढ झोपल्या होत्या. टेबलावरच्या थर्मासमधला गोडमिट्ट चहा झाकणाच्या ग्लासात ओतून घेतला, मागच्या दाराची कडी काढली आणि बाहेर येऊन उभी राहिले. समोर मेरापी, इंडोनेशियातल्या जाव्हा बेटावरचा ज्वालामुखी, अगदी स्वच्छ, नऊ वाजले की ढगात जातो आणि मग दिवसभर दिसत नाही म्हणून पहाटेच बघून घ्यायचा. पण माझं लक्ष डोंगराकडे नव्हतंच, खाली वावरात कोणीतरी वाकलेलं दिसत होतं. आमच्या इबू होत्या, इबू म्हणजे आई, ज्यांच्या घरी आम्ही राहत होतो त्या. लुगड्यासारखं नेसलेलं बातिक गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डाव्या हातात तरव्याची मूठ. आदल्या दिवशी आमच्या पोरांनी जो तरवा लावला होता ना, तोच त्या उपटत होत्या, चिखलातून हळूच ओढून मुळं पाण्यात खळबळवून घ्यायच्या, आठ-दहा काड्यांच्या जुडीतल्या दोन-तीन वेगळ्या करायच्या आणि दोरीच्या खुणेवर पुन्हा लावायच्या. एक ओळ झाली की दोरी सरकवायच्या. घाई नाही, चिडचिड नाही. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, अर्धं वावर सरळ झालं होतं.

मी चपलांचा आवाज न करता आत आले आणि दार लावून घेतलं.

याला आता बरेच महिने झाले, पण ते अर्धं सरळ झालेलं वावर काही डोक्यातून जात नाही. स्लेमान जिल्ह्यात, मेरापीच्या दक्षिण उतारावरचं ते गाव, जाव्हातल्या अशा गावांना तिकडे ‘देसा विसाता’ म्हणतात, म्हणजे पाहुण्यांसाठी घरं उघडणारं गाव. आमच्या कॉलेजची बावीस पोरं, आम्ही दोन शिक्षक, डिसेंबरातले पाच दिवस. कार्यक्रमात सगळं होतं, गामेलान वाद्यं, बातिक, स्वयंपाक, नदीतून चालणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘भातलावणीचा अनुभव’. पोरांना वाटेल ती मजा आली. मुंबई-पुण्यातली पोरं, चिखलात पाय टाकल्यावर जो काही आरडाओरडा झाला, एक घसरून बसकण मारून पडला, चौघांनी रील काढले, गाईड दादा दोरीच्या खुणा दाखवून दाखवून दमला पण ऐकतंय कोण. तानदुर म्हणजे लावणी, आणि त्या शब्दाची फोड तिथले लोक ‘मागे सरत सरत नीट मांडणं’ अशी करून सांगतात, हे त्याने तीनदा सांगितलं. आमची पोरं पुढे चालत लावत होती आणि स्वतःच लावलेलं स्वतःच तुडवत होती. तासाभराने सगळी बांधावर आली, एकीने इबूंना विचारलं, कसं झालं? इबू हसल्या, दोन्ही हात पुढे जोडल्यासारखे धरले आणि म्हणाल्या, साए, साए. छान, छान. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी पण वाजवल्या. मला तर कळत होतं ना, माझा जन्म कुडाळजवळच्या खेड्यातला, तिसरी-चौथीपासून मी लावणीला उतरलेय. जुडी जाड लागली तर फुटवे धड येत नाहीत, रोप खोल गेलं की तिथेच कुढतं, आणि ओळ वाकडी झाली की पुढे तण काढायचं अवजार ओळींमधून ढकलताच येत नाही. त्यांच्याकडे ‘जाजार लेगोवो’ नावाची पद्धत आहे, दोन किंवा चार ओळी जवळजवळ आणि मग एक मोकळी वाट, तिच्यातून हवा-ऊन खेळतं, खत टाकायला माणूस आत जाऊ शकतो. गाईड दादा हे सांगायला लागला तेव्हा मला एकदम आमच्या काकाची चारसूत्री भातशेती आठवली, त्यातही असंच पंधरा आणि पंचवीस सेंटीमीटरचं गणित आणि खुणा केलेली दोरी, एका चुडात दोन-तीनच रोपं आणि चार चुडांच्या मध्ये खताची गोळी. एवढं सगळं माहीत असून त्या सकाळी मी बांधावर उभी राहून फोटो काढत होते, कारण तो ‘अनुभव’ होता आणि पोरं खूश होती.

आमच्या आजीच्या वावरात सुद्धा हे व्हायचं. जूनच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या असायच्या किंवा नुकत्या झालेल्या, पण मुंबईची चुलत भावंडं हट्टाने दोन दिवस थांबायची कारण त्यांना लावणी करायची असायची. इरलं डोक्यावर घेऊन त्यांचे फोटो काढले जायचे, तेव्हा रोलचा कॅमेरा होता, छत्तीसच फोटो. आजी त्यांच्याकडे बघून म्हणायची, बरां झालां गे बायो. आणि मी दोन हातांवर लावत असायचे तर माझ्या पाठीत चापट, “गे, तरवो लावतंस काय पुरतंस?” मला इतका राग यायचा, रडू यायचं, की हे लोक सगळं वाकडं लावतात तरी त्यांना बरां आणि मला चापट. संध्याकाळी एसटी गेली की आजी आणि मोठी काकी पुन्हा वावरात उतरायच्या आणि मुंबईकरांच्या ओळी काढून लावायच्या, मी तरवा पोचवायला. त्यात कधी कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. पाहुणे होते ते, बोलायचं काय त्यात.

जाव्हानी भाषेत हे पाहुणेपण थेट शब्दाशब्दात बसवलेलं असतं. आपल्याकडे तू-तुम्ही-आपण एवढ्यावर भागतं, त्यांच्याकडे कितीतरी क्रियापदं, नामं बदलतात. घरच्यांशी, बरोबरीच्यांशी बोलायची ती न्गोको, आणि वडीलधाऱ्यांशी, परक्यांशी बोलायची ती क्रोमो. जेवणं म्हणजे न्गोकोत मांगान, साध्या क्रोमोत नेधा, आणि मान देऊन बोलायचं तर धाहार, आणि धाहार कधी स्वतःबद्दल म्हणायचं नाही, स्वतःला मान द्यायचा नसतो. इबू त्यांच्या नातवाला ओरडायच्या ते न्गोकोत, खणखणीत, आणि त्याच तोंडाने माझ्याकडे वळून “मोंगो, बू गुरू” म्हणायच्या, तो आवाज वेगळाच, खालच्या पट्टीतला, कापसात गुंडाळल्यासारखा. मोंगो म्हणजे या, घ्या, आणि बू गुरू म्हणजे बाई, शिक्षिका बाई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर रोमांच आले होते, गुरू हा शब्द इतक्या लांब येऊन आपली वाट बघत बसलेला. पोरांना आम्ही ‘मातुर नुवुन’ म्हणजे धन्यवाद शिकवलं होतं आणि ती ते दिवसात शंभर वेळा म्हणायची. इबू दर वेळी उत्तर द्यायच्या. आमच्या सहा शाकाहारी पोरांसाठी त्यांनी कोळंबीची पेस्ट न घालता वेगळा सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी, वाटला, वेगळ्या खलात, भाज्यांवर शेंगदाण्याची ती दाट आंबटगोड चटणी घालून पेचेल केलं तर पोरांनी ताटं चाटली. आणि स्वतः कधी जेवायच्या ते पाच दिवसात मला दिसलं नाही.

आणि ‘इंग्गिह’. म्हणजे हो. हा शब्द मला फार उशिरा कळला. दुसऱ्या रात्री वायांगची, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाची, गोष्ट निघाली आणि द्रौपदीवरून आमच्या पोरांचं आणि इबूंच्या नवऱ्याचं, पाकांचं, थोडं अडलं. जाव्हातल्या महाभारतात द्रौपदी फक्त पुंतादेवाची, म्हणजे युधिष्ठिराची बायको. पोरं म्हणे असं कसं, पाचांची. गुगल काढून दाखवलं. पाक शांतपणे बघून म्हणाले, इंग्गिह, इंग्गिह. पोरांना वाटलं जिंकलो. गाईड दादाने मला नंतर बाजूला सांगितलं की तो हो म्हणजे ‘तुम्ही बोललात ते मी ऐकलं’ एवढाच, पटलं असं नाही. त्यांच्याकडे त्यावर म्हणच आहे, इंग्गिह इंग्गिह मबोतेन केपांग्गिह, हो हो म्हणतात पण घडत काही नाही. मला त्या रात्री झोप लागेना, मी मनात सगळे इंग्गिह मोजत बसले. अंघोळीला गार पाणी चालेल ना, इंग्गिह. पोरं रात्री जरा गाणी म्हणत बसली तर चालेल ना, इंग्गिह. उद्या नाश्ता अर्धा तास लवकर, इंग्गिह.

बातिकचं पण तेच झालं होतं, फक्त मला तेव्हा कळलं नाही. इमोगिरीजवळच्या गिरीलोयोला आम्ही पहिल्या दिवशी गेलो होतो. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी मजुरीवर मेण काढायच्या, २७ मे २००६ च्या भूकंपाने सगळं जमीनदोस्त झालं आणि त्यातून उठताना त्यांनी आपापले गट केले, आपलं बातिक आपणच रंगवून आपणच विकायला लागल्या. पोरांना रुमालाएवढं कापड दिलं, हातात चांटिंग, ते इवलंसं तांब्याच्या चोचीचं पेन, त्यात वितळलेलं मेण. त्या मेणाला ते ‘मालाम’ म्हणतात, पोरं हसली, मॅडम मलम! मेण गरम असलं तर ओघळतं, निवलं तर चोचीत बसतं, फुंकर मारून मारून पोरांचे गाल दुखले. सगळ्यांच्या कापडावर डाग आणि तुटक्या रेघा. दुसऱ्या दिवशी रंगवून उकळून सुकवून रुमाल आले तर काय सुंदर, एकही रेघ तुटलेली नाही. पोरं म्हणाली वा, आपल्याला जमतं की. मग पहाटेचं ते वावर पाहिल्यावर मी माझा रुमाल उलटा करून उन्हाकडे धरला. मागच्या बाजूने कोणीतरी पुन्हा मेण फिरवलं होतं, बारीक, एकसारखं, माझ्या हाताचं नव्हेच ते.

तिसऱ्या रात्री मात्र काहीतरी उघडलं. आमच्यासाठी ठरवलेला वायांगचा खेळ एक तासाचा होता, तो संपला, पोरं झोपायला गेली, आणि लांबून लाऊडस्पीकरवर गाँग ऐकू यायला लागला. शेजारच्या गावात कोणाकडे तरी लग्न, रात्रभराचा वायांग. पाकांनी स्कूटरकडे बोट दाखवलं. जाऊन बघते तर पडद्याच्या सावलीच्या बाजूला दहा-बारा माणसं आणि बाकी सगळं गाव दालांगच्या, म्हणजे बाहुल्या नाचवणाऱ्याच्या, पाठीमागे, बाहुल्यांचे रंग दिसतात त्या बाजूला. लवंगेच्या सिगारेटींचा गोड धूर, उकडलेल्या शेंगा, मांडीवर झोपलेली मुलं, कोणी फोनवर बोलतंय, कोणी पैज लावल्यासारखं एकटक बघतंय. मध्यरात्र उलटल्यावर गोरोगोरो, म्हणजे विदूषकांचा भाग, सुरू झालं, सेमार आणि त्याची तीन पोरं, गारेंग, पेत्रुक, बागोंग, आली आणि अख्खा मांडव जागा झाला. मला शब्द कळत नव्हता पण ते हसणं माझ्या ओळखीचं होतं, आमच्या जत्रेत दशावतारात संकासुर आला की डुलक्या घेणारी म्हातारी माणसं अशीच सरसावून बसतात. आणि कुडाळपासून हाकेच्या अंतरावर पिंगुळी, तिथल्या ठाकर लोकांच्या चामड्याच्या बाहुल्या, परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी स्टेटस ठेवलं होतं, पण पोरांना घेऊन तिथे कधी गेले नव्हते. हे त्या मांडवात बसल्या बसल्या घशाशी आलं. दालांग रात्रभर जागचा हलला नाही. पाक पण नाही. त्या रात्री त्यांनी मला एकदाही मोंगो म्हटलं नाही, शेंगांचा पुडा फक्त माझ्या बाजूला सरकवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आरिसान. म्हणजे आपली भिशी, डिट्टो भिशी. कार्यक्रमात नव्हतीच, इबू साडेचारला साडी... साडी नाही, सारोंग बदलून निघाल्या आणि मी विचारलं येऊ का. पंचवीसेक बायका, एका घराच्या ओसरीत चटयांवर, प्रत्येकीसमोर पुठ्ठ्याची छोटी पेटी, त्यात तांदळाचं काहीतरी केळीच्या पानात, एक तळलेलं, एक गुलाबी गोड. वहीत नावांवर टिका, नोटा मोजून रबरात. मग एका ग्लासात कागदाच्या गुंडाळ्या, वरती कागद ताणून बांधलेला, त्याला बारीक भोक, ग्लास उलटा करून हलवायचा आणि ज्या नावाची गुंडाळी बाहेर पडेल तिची रक्कम. ग्लास हलायला लागला की सगळ्या गप्प. मी आमच्या बिल्डिंगच्या भिशीत हीच शांतता ऐकलेली आहे. तिथे इबू भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या, गुडघा चोळत होत्या. चार दिवसात मी त्यांना टेकून बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. आणि बोलत होत्या न्गोकोत, भराभर, बायका पोट धरून हसत होत्या. गाईड दादाची आई माझ्या शेजारी होती, तिला थोडं इंग्लिश यायचं, तिने सांगितलं की कोणाच्या वावरात पाहुण्यांनी लावणी करायची याची पाळी ठरलेली असते, या वेळी इबूंची होती, आणि इबू सांगतायत की एका पोराने तरवा शेंडा खाली मूळ वर असा लावला.

सगळ्या माझ्याकडे बघून गप्प झाल्या. मग मी हसले तशा पुन्हा हसल्या.

मला त्यांचा राग नाही आला, उलट बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. एनएसएसच्या शिबिरात मी विद्यार्थिनी असताना आम्ही सात दिवसात ओढ्यावर बंधारा घातला होता, गावाने आम्हाला हार घातले, सरपंच बोलले. पुढच्या वर्षी कळलं की आम्ही गेल्याच्या आठवड्यात गावकऱ्यांनी गोणी काढून पुन्हा रचल्या होत्या. आमच्या पोरांच्या जर्नलमध्ये बावीसपैकी एकोणीस जणांनी लिहिलंय, आम्ही शेतकऱ्यांबरोबर भात लावला. खोटं कसं म्हणू त्याला. मी प्रत्येकाखाली सही केली.

आणि असंही नाही की गावाला आम्ही नको आहोत. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१० ला मेरापी फुटला तेव्हा साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, वीस किलोमीटरच्या आतलं सगळं रिकामं केलं, इबू मागुवोहार्जोच्या स्टेडियममध्ये सासूला घेऊन राहिल्या होत्या, परत आल्या तर सालाक नावाच्या फळाच्या बागा राखेने वाकून मोडलेल्या. पाहुण्यांच्या पैशावर या घराला मागची खोली झाली, धाकटी नर्सिंगला गेली. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि ते खरंच होतं. त्यांना कोणी फसवत नव्हतं. फक्त मला वाटत राहिलं की आम्ही पाच दिवस त्यांच्या घरात राहिलो आणि त्यांनी पाच दिवस आम्हाला ओसरीतच ठेवलं, आणि त्यांनी तसं ठेवलं म्हणून नाही तर आम्ही आत येण्यासारखं काही केलंच नाही म्हणून.

शेवटच्या दिवशी पहाटे मी पुन्हा मागचं दार उघडलं. पायरीवर आमच्यातलीच एक मुलगी बसलेली, एकोणीस वर्षांची, अबोल, वर्गात नाव पुकारल्यावर पण हळूच हात वर करणारी. म्हणाली, मॅडम, त्या आमचं सगळं काढून लावतायत, मी काल पण बघितलं. तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं चल. सलवार वर खोचून आम्ही दोघी उतरलो, पाणी बर्फासारखं गार, चिखल पोटऱ्यांपर्यंत. इबू एकदम सरळ झाल्या, “मबोतेन, मबोतेन, बू गुरू, मबोतेन नोपोनोपो,” नको, नको, काही नाही, काही नाही, हात हलवून परत पाठवायला लागल्या. मी ऐकलं नाही, तरव्याची मूठ घेतली आणि मागे सरत लावायला लागले. तीस वर्षांनी. बोटांना आठवत होतं. इबूंनी थोडा वेळ माझ्या हातांकडे बघितलं आणि मग आपल्या कामाला वाकल्या, कोणी काही बोललं नाही, फक्त पाण्याचा चुळुकचुळुक आवाज आणि वर डोंगराला लागलेलं ऊन.

त्या पोरीला जमत नव्हतं. ती रोप मुठीत धरून खुपसत होती, अगदी मनापासून, आणि खोल. इबूंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा तिचा मनगटावरून हात धरला आणि फटकन म्हणाल्या, “ओरा न्गोनो! न्गेने.” असं नाही, असं. न्गोकोत. तिच्या तीन बोटांमध्ये रोप बसवून, वरून स्वतःचं बोट ठेवून, चिखलात जेमतेम पेरभर दाबलं. मग पुन्हा एकदा. तिसरं तिचं तिने लावलं तर इबू काहीच बोलल्या नाहीत, पुढच्या खुणेकडे बोट दाखवलं.

बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली, नखात अजून चिखल. म्हणाली, मॅडम, मला ओरडल्या त्या. आणि खिडकीकडे तोंड करून कितीतरी वेळ हसत होती.

मला मात्र निरोप देताना इबूंनी दोन्ही हात धरले, वाकल्या, आणि त्याच कापसातल्या आवाजात म्हणाल्या, पुन्हा या, बू गुरू, सगळं छान झालं. साए. मी पण वाकले. या डिसेंबरच्या ट्रिपचा फॉर्म गेले चार दिवस टेबलावर आहे, ‘भातलावणी अनुभव, १ तास’ या ओळीपुढे मी आधी काट मारली, मग ती खोडली, आणि वेळेच्या रकान्यात पहाटे पाच लिहून ठेवलंय. कोणाची पाळी असेल या वेळी कोण जाणे.